साठवण रानातल्या गाण्यांची

मागच्या आठवड्यात आपण पावसाळ्याच्या तोंडावर डाळी, कडधान्यं आणि हळद-तिखट कसं भरून ठेवायचं ते पाहिलं. आजही बोलायचं आहे ते साठवणीविषयीच. पण ही साठवण डब्या-बरण्यांतली नव्हे, गाण्यांची. आणि तीही आपल्या शिवारातल्या, रानातल्या गाण्यांची. डाळीला कीड लागली तर बाजारातून दुसरी आणता येते. पण म्हणणारी बाई गेली आणि तिच्याबरोबर तिचं गाणंही गेलं, तर ते कुठल्या दुकानातून आणणार?

सुरुवात एका तबकडीपासून करू या. 'जैत रे जैत'मधलं एखादं तरी गाणं गुणगुणली नाही अशी बाई आपल्यात क्वचितच सापडेल. १९७७ साली हा चित्रपट आला. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेलांनी तो दिग्दर्शित केला. निर्मिती उषा मंगेशकरांची आणि संगीत पंडित हृदयनाथ मंगेशकरांचं. मराठीतल्या उत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. पुष्कळ जणींनी चित्रपट पाहिलेला नसेल, पण गाणी मात्र सगळ्यांच्या तोंडी आहेत. आधी ती तबकडीवर होती, मग कॅसेटवर आली, आकाशवाणीवर तर वर्षानुवर्षं लागत राहिली. आता पोळ्या लाटता लाटता आपण मोबाईलवर ती लावतो.

परवा मी शाळेत मधल्या सुट्टीत आम्हा बायकांच्या खोलीत सहज विचारलं, ही गाणी कोणाची? लताबाईंचं, आशाबाईंचं नाव सगळ्यांनी घेतलं. संगीतकाराचं नाव दोघी-तिघींनी सांगितलं. पण शब्द कोणाचे, हे एकीलाच सांगता आलं. आणि गंमत अशी की तो कवी आपल्या मराठवाड्यातला!

ना. धों. महानोर, म्हणजे नामदेव धोंडो महानोर. जन्म १६ सप्टेंबर १९४२ चा. गाव पळसखेड, अजिंठ्याच्या डोंगरांजवळचं. तो सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, जसा आपला नांदेड जिल्हा होता तसाच. घर शेतकऱ्याचं. कॉलेजसाठी ते जळगावला गेले खरे, पण पहिल्याच वर्षी शिक्षण सोडून गावी परतले आणि शेती करू लागले. अशा मुलाबद्दल आपल्याकडं लोक काय बोलतात ते ठाऊक आहेच. 'शिकला असता तर साहेब झाला असता!' हे साहेब झाले नाहीत, शेतकरी झाले. आणि १९६७ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांचा 'रानातल्या कविता' हा संग्रह निघाला. पुढं १९७८ मध्ये राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नेमलं, १९९१ मध्ये पद्मश्री मिळाली, २००० साली 'पानझड' या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ३ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्यात ते गेले. पण एवढं सगळं होऊनही त्यांची ओळख शेवटपर्यंत 'रानकवी' अशीच राहिली, आणि ती त्यांना शोभलीही.

आता त्या तबकडीकडं जरा कान देऊन पाहू. गोष्ट आहे सह्याद्रीच्या डोंगरातल्या ठाकरांची. नाग्या नावाचा ठाकर, लिंगोबाच्या डोंगरावरची मधमाश्यांची पोळी, राणीमाशी पाहण्याचा त्याला लागलेला ध्यास, माश्यांनी घेतलेला त्याचा डोळा, आणि मग ती पोळी उतरवण्याचा त्याचा हट्ट. त्याच्या बरोबरीनं उभी राहते ती चिंधी. मोहन आगाशे नाग्या झाले होते आणि स्मिता पाटील चिंधी. जैत म्हणजे जीत. डोंगरावर जीत होते, पण चिंधी हाती राहत नाही.

ठाकरांचा डोंगर कोकणाच्या अंगाचा, महानोरांचं रान अजिंठ्याचं आणि आपण तर पार इकडं पैनगंगेच्या काठचे. तरी ती गाणी आपल्याला परकी वाटत नाहीत. का बरं? माझ्या मते याचं कारण साधं आहे. त्या गाण्यांत झाडाला नाव आहे, हंगामाला वेळ आहे, आणि निसर्ग कामाशी बांधलेला आहे.

जांभळाचंच घ्या. जांभूळ पिकतं ते मृगाच्या आगे-मागे. झाडाखाली सडा पडतो, जीभ जांभळी होते आणि पातळावर पडलेला डाग कितीही चोळला तरी निघत नाही. एखादं प्रेमाचं गाणं कवीनं नेमकं त्या पिकल्या झाडाखाली ठेवलं, तर ते तिथंच का, हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. डाग ठाऊक असलेल्या बाईला ते आपोआप कळतं! तसंच खाली उतरून आलेल्या आभाळाचं. आषाढात सहस्रकुंडाच्या बाजूला ढग असे टेकतात की नदी कुठं संपली आणि आभाळ कुठं सुरू झालं ते समजत नाही. आणि आग्या मोहोळ? उंच कड्याला किंवा थोराड झाडाच्या फांदीला उघड्यावरच लटकलेलं ते भलं मोठं एकच पोळं. किनवटच्या जंगलाकडं ज्यांचं माहेर आहे त्यांना विचारा, ते पाहूनच माणूस आवाज न करता वाट बदलतो. म्हणजे नाग्याचा हट्ट किती जीवघेणा होता, हे आपल्याकडच्या पोरालाही कळतं.

खिडकीतून पाहिलेला निसर्ग वेगळा आणि चिखलात पाय रोवून पाहिलेला वेगळा. पहिल्यात फुलं, चांदणं, वाऱ्याची झुळूक असते. दुसऱ्यात तण असतं, ढेकूळ असतं, गाभण गाय असते आणि पाऊस आला नाही तर काय, ही धास्तीही असते. महानोरांनी दोन्ही पाहिलं. पाण्याचा प्रश्न ते विधान परिषदेत मांडत राहिले, 'शेतीसाठी पाणी' नावाचं पुस्तक लिहिलं. रान म्हणजे नुसती हिरवळ नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांची हिरवळ खरी वाटते.

आता मुद्द्याची गोष्ट. हे शब्द त्यांच्याकडं आले कुठून? शाळेतून तर नक्कीच नाही. रानात काम करणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून, आणि बायकांच्या गाण्यांतून आले. 'पळसखेडची गाणी' या नावानं त्यांनी आपल्या भागातली लोकगीतं गोळा करून त्यांचं पुस्तकच काढलं. म्हणजे ज्या कवीचे शब्द लताबाईंनी, आशाबाईंनी गायिले, तो आधी गावातल्या बायकांची गाणी कान देऊन ऐकणारा होता. दळणाला, निंदणीला, वेचणीला, पाळण्याजवळ ज्या गात आल्या, त्यांचं देणं त्या तबकडीत आहे. त्यांची नावं मात्र तबकडीवर नाहीत.

जळगावकडची दुसरी गोष्ट तर तुम्ही शाळेत शिकलाच आहात. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८० चा, आसोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिशीतच वैधव्य आलं. घर आणि शेत दोन्ही ओढताना त्या आपली गाणी आपणच रचत आणि आपणच म्हणत. सुगरणीचं घरटं, कडुनिंब, विहीर, पेरणी, वारा, जे समोर असेल त्यावर. ती गाणी आज आपल्याला ठाऊक आहेत ती एकाच कारणानं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी या दोघांनी ती वेळोवेळी टिपून ठेवली होती. डिसेंबर १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. पुढं १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात सुमन कल्याणपूरांच्या आवाजात ती गाणी घरोघर पोहोचली. आणि २०१८ मध्ये तर जळगावच्या विद्यापीठालाच बहिणाबाईंचं नाव देण्यात आलं. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिच्या नावानं आता पदव्या मिळतात!

पण क्षणभर उलटा विचार करा. ती वही नसती तर? सोपानदेव स्वतः कवी होते म्हणून त्यांना आईच्या तोंडची किंमत कळली. जिच्या मुलाला ती कळली नाही, अशा किती बहिणाबाई आपापल्या चुलीपाशी संपून गेल्या असतील?

हे फक्त आपल्याच देशात घडतं असं मात्र नाही. अमेरिकेत 'कंट्री' नावाचा गाण्याचा एक प्रकार फार लोकप्रिय आहे. कंट्री म्हणजे खेडं, गावाकडचा मुलूख. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवरच्या ब्रिस्टल या गावी एका तबकडी कंपनीच्या माणसांनी मुक्काम ठोकला आणि आसपासच्या डोंगरांतल्या लोकांना गायला बोलावलं. त्यांत कार्टर कुटुंबातले तिघं आले. ए. पी. कार्टर, त्यांची बायको सारा, आणि साराची नात्यातली बहीण व आता जाऊ झालेली मेबेल. मेबेल तर तेव्हा दिवस भरत आलेली बाळंतीण व्हायची होती! त्यांची गाणी गाजली. मग आणखी गाणी हवीत म्हणून कार्टर डोंगरातल्या वस्त्या-वस्त्यांवर हिंडून म्हाताऱ्या माणसांकडून गाणी गोळा करू लागले. बरोबर लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय वादक असायचा. कार्टर शब्द टिपत, रिडल चाल ध्यानात ठेवी. तबकड्यांवर नाव लागलं ते कार्टरांचं. रिडलचं नाव लोकांना कळायला कितीतरी वर्षं जावी लागली, आणि ज्या घरांतल्या बायकांनी ती गाणी सांगितली त्यांची नावं तर बहुतेक राहिलीच नाहीत.

म्हणजे देश कोणताही असो, रानातलं गाणं वाचायला दोन गोष्टी लागतात. एक, ते टिपून घेणारं कोणीतरी. आणि दुसरं, ते ज्याचं त्याच्या नावावर लावण्याचा प्रामाणिकपणा.

आता आपल्या हिमायतनगरकडं येऊ. मी इथल्या शाळेत अर्धा वेळ मराठी शिकवते. यंदा पाऊस सुरू झाला तेव्हा सातवीच्या मुलांना सांगितलं, घरातल्या मोठ्या माणसांना विचारून पावसाची नावं लिहून आणा. दुसऱ्या दिवशी फळा भरून गेला! वळीव, झड, बुरबुर, शिरवं. मिरगाचा पाऊस. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा. आसळका म्हणजे आश्लेषा. हस्ताचा तो हत्तीचा पाऊस. मुलं नुसती खूश झाली. पण एका मुलीच्या वहीत शेवटच्या दोन ओळी गच्च खोडलेल्या होत्या. विचारलं तर म्हणाली, "ते माझ्या आजीचं गाणं होतं बाई. पण ते गावठी हाय ना, म्हणून खोडलं." हे तिला कोणी शिकवलं? आधीच्या एका शाळेत तिच्या बोलण्याला हसले होते म्हणे. "शुद्ध बोल" असं घरीही रोज ऐकत होती.

त्या खोडलेल्या दोन ओळी माझ्या मनातून जाईनात. 'रानातल्या कविता' ज्या बोलीतून आल्या, बहिणाबाईंची गाणी ज्या बोलीत झाली, तीही अशीच कोणाला तरी गावठी वाटत असणार. मुलांना प्रमाण मराठी आलीच पाहिजे, परीक्षेला ती लागते. मी स्वतः ती शिकवते. पण त्यासाठी आजीची बोली खोडायची काय गरज आहे? घरी दोन साड्या असतातच ना, एक नेसायची आणि एक सणाची? सणाची घेतली म्हणून रोजची कोणी जाळून टाकत नाही!

आणि वेळ आता थोडा राहिला आहे. ही गाणी जातात कशी ते पाहा. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, दळणाच्या ओव्या थांबल्या. मोट गेली, विहिरीवर मोटार बसली. अलीकडं तणनाशकं आली आणि निंदणी कमी झाली. दहा-बारा बायका पात धरून एका ओळीत बसायच्या, एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, ते दृश्य कमी झालं. त्याबरोबर तांदुळजा, घोळ, पाथरी, कुरडू या आपोआप उगवणाऱ्या भाज्याही ओट्यातून घरी येईनाशा झाल्या. गाणं आणि भाजी एकाच फवाऱ्यात गेली म्हणा ना!

पहाटे चारला उठून दळावं, दिवसभर वाकून निंदावं, ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. तुम्हीही म्हणणार नाही. त्या कष्टांनी आपल्या आयांच्या कंबरा मोडल्या. पण त्या कष्टात त्यांनी जे निर्माण केलं, ते कष्टांबरोबर फेकून देणं हा कुठला न्याय?

आमच्या घरातली गोष्ट सांगते. आमच्या आत्याबाईंचं वय आता अठ्ठ्याहत्तर. "तुम्हाला गाणी येतात का?" असं विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "छे गं बाई, मला कुठलं काय येतंय? मी काय शिकलेली हाय व्हय?" एकदा दुपारी आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो. सुपाला एक लय असते. त्या लयीत त्या कधी म्हणू लागल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. नदीला पूर आला आहे, भाऊ पंचमीला न्यायला येणार, पण अलीकडच्या काठावर येणार कसा, असा अर्थ. नदी म्हणजे त्यांच्या माहेरची पैनगंगा. मग पळसाचं एक, मग मोहाचं, मग बैलांचं. तास-दीड तासात अकरा ओव्या झाल्या. प्रत्येकीत झाडाचं नाही तर गावाचं नाव. "ही कोणाकडून शिकलात?" विचारलं तर म्हणाल्या, "ही दोन माझ्या मायची. बाकीच्या माझ्याच." एवढ्या वर्षांत त्या स्वतः गाणी करतात, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं! रात्री मी ह्यांना सांगितलं, तर ते गप्पच झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आई आम्हाला झोपवताना म्हणायची, ते तिचंच असेल का गं?"

असं तुमच्याही घरात असेल. सासूबाई असतील, आई असेल, शेजारच्या काकू असतील, भांड्याला येणाऱ्या मावशी असतील. तांड्यावरच्या बाया होळीला लेंगी म्हणतात, त्याही आपल्याच शेजारणी. म्हणून माझ्या अनुभवातून काही सोप्या गोष्टी सांगते. खर्च म्हणाल तर एका वहीचा.

पहिली गोष्ट, समोर बसवून "म्हणा आता" असं कधी म्हणू नका. परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं आणि गाणं गळ्यातच अडकतं. हाताला काम द्या. शेंगा फोडायच्या असोत, गवार मोडायची असो, तूर निवडायची असो की वाकळीला टाके घालायचे असोत. ही गाणी हाताच्या लयीवर बांधलेली आहेत. हात चालू लागला की गळा चालू होतो.

दुसरी गोष्ट, "गाणी येतात का?" असा प्रश्न टाळा. काम आणि सण यांची नावं घेऊन विचारा. पंचमीला झोक्यावर काय म्हणत होता? फेर धरताना पहिलं कोणतं असायचं? कापूस वेचताना? हळद शिजवायला रात्रभर जागताना? येळवशीला शेतात कोपीपाशी? एक दोरा ओढला की दुसरा आपोआप सुटतो.

तिसरी, मोबाईलवर आवाज भरून घ्या, पण त्यांना सांगून, विचारून. लपूनछपून नको. पंखा आणि मिक्सर बंद ठेवा, फोन मऊ कापडावर जवळ ठेवा. सुरुवातीला आपणच तारीख, गाव आणि नाव बोलून घ्यावं, म्हणजे पुढं घोळ होत नाही. आणि ते एकाच फोनमध्ये ठेवू नका. फोन पाण्यात पडतो, बिघडतो, विकला जातो. एक प्रत मुलाच्या नाहीतर बहिणीच्या फोनमध्ये आणि शब्द वहीत, असं असावं.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, वहीत उतरवताना भाषा सुधारू नका. त्या 'म्हयना' म्हणाल्या तर 'महिना' करू नका. 'न्हाई' म्हणाल्या तर तसंच लिहा. सुधारलं की लय लंगडी होते आणि शब्दाचा जीवही जातो. न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि समासात त्याचा अर्थ लिहा. एखाद्या गवताचं, पाखराचं, झाडाचं नाव आलं तर जमल्यास शेतात जाऊन ते पाहून घ्या. मुलांना बरोबर न्या. एक दुपार अशी घालवली तर शाळेतल्या चार तासांपेक्षा ती जास्त शिकतील, हे मी मास्तरीण असून सांगते!

पाचवी, काही ओव्या सासरच्या छळाच्या असतात, मनातल्या जुन्या दुखण्याच्या असतात. त्या सांगता सांगता डोळ्यांना पाणी येईल. तेव्हा फोन बंद करा आणि नुसतं ऐका. सगळंच चारचौघांत न्यायचं नसतं. काय ठेवायचं आणि काय नाही, हे म्हणणारीनं ठरवायचं.

हे काम फार थोर माणसांनी केलेलं आहे. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून त्यांचं पुस्तक केलं. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकगीतांची पुस्तकांमागून पुस्तकं काढली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या तर एक लाखाच्या वर आहे, आणि त्यांत ओव्या म्हणणाऱ्या बायकांची नावं आणि गावंही नोंदलेली आहेत. पण कोणी अभ्यासक आपल्या दारात येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आत्याबाई थांबतील याची खात्री कोण देणार?

आणि शेवटची गोष्ट. ओवीत बाई भावाचं नाव घालते, लेकाचं घालते, माहेरच्या गावाचं घालते. स्वतःचं नाव घालत नाही. सगळ्यांना नावानं अमर करून आपण बिननावाची राहते. तेव्हा वहीच्या पहिल्याच पानावर, ठसठशीत अक्षरात, तिचं नाव लिहा. 'गणपतची आई' किंवा 'पाटलांची सून' असं नको. तिचं स्वतःचं नाव, माहेरचं गाव आणि वय. गाणं तिला तिच्या आईकडून मिळालं असेल तर तेही लिहा, आईच्या नावानिशी. त्या सातवीतल्या मुलीला मी हेच सांगितलं. खोडलेल्या दोन ओळी तिनं पुन्हा लिहून आणल्या, खाली आजीचं नाव घालून. मी वर्गात त्या मोठ्यानं वाचल्या. कोणी हसलं नाही.

तर मैत्रिणींनो, या श्रावणात पंचमीच्या आधी एक शंभर पानी वही आणाल ना? सूप, तूर आणि आत्याबाई, तिन्ही घरातच आहेत. फक्त आपण त्यांच्याजवळ जाऊन बसायचं आहे. बसलात की काय काय सापडलं ते मला जरूर कळवा. आणि हो, पुढच्या आठवड्यात ओल्या हवेत पापड-कुरडया कशा सांभाळायच्या ते पाहू.